मदत हवी आहे: मुळशी धरणापूर्वीचा नकाशा आजच्या नकाशावर बसवताना

वाघजाई आणि सवाष्णी घाटाकडे जाणाऱ्या जुन्या वाटा मुळा खोऱ्यातून कुठून जात होत्या, ते शोधतोय. धरण १९२० च्या दशकातलं, म्हणून त्याआधीचा एक इंच = एक मैल प्रमाणाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा घेतला. स्कॅन घडीच्या कागदाचा आहे, तिथे रेषा ताणल्यात.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एव्हरेस्ट डेटम (जुन्या भारतीय नकाशांवरच्या अक्षांश-रेखांशांचा आधार) निवडून कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिले, सगळंच सरकलं. मग घनगड, कोरीगड आणि तैलबैलाचे माथे दोन्ही नकाशांवरच्या जुळवणीच्या खुणा म्हणून धरले. डोंगररांगा छान जुळल्या, पण खोऱ्यातली गावं अजूनही भलतीकडे पडतात. ओढ्यांचे संगम धरावेत, तर नेमके तेच पाण्याखाली! या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ६३ मीटर, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक चालेल. गुगल अर्थची जुनी चित्रं इथे कामाची नाहीत, ती धरणानंतरचीच. मोबाइलचं जीपीएस सोडून दुसरं साधन नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर प्रत्यक्ष जाऊन मोजायची तयारी आहे.

बुडालेल्या गावांचे धरणापूर्वीचे गावनकाशे पुण्यात भूमी अभिलेखकडे मिळतात की पुरालेखागारात, आणि अर्जात नेमकं काय मागायचं?