बेडकाच्या कातडीसाठी क्लोराइडऐवजी काय घ्यावं? (खर्च ३० युरोपर्यंत)

कोपनहेगनकर: बेडकाच्या पोटाकडची कातडी, उसिंग चेंबर (दोन कप्प्यांच्या मध्ये कातडी लावून तिच्यातून जाणारे आयन मोजायचं पात्र), ११२ मिलिमोलर सोडियम क्लोराइडचा रिंगर (शरीरातल्या द्रवासारखं मिठाचं द्रावण). क्लोराइड काढून सोडियमची वाहतूक मोजायची आहे. सल्फेट की ग्लुकोनेट? ३० युरोंच्या वर जाता येणार नाही.

मीठभाकर: सल्फेट! ते कातडीतून जवळपास जातच नाही. सोडियमच्या मागोमाग जाणारा ऋण आयन उरला नाही की ओपन सर्किटला (बाहेरून करंट न देता) व्होल्टेज चढतो. ५६ मिलिमोलर लागेल: निर्जल असेल तर लिटरला ७.९५ ग्रॅम, दहा पाण्याचं असेल तर १८ ग्रॅम. बाटलीवरचं लेबल नीट वाचा. कणांची संख्या घटते, ती भरायला १९.२ ग्रॅम सुक्रोज.

रेणू_७: ग्लुकोनेट घ्या, महाग पडलं तरी. २४.४ ग्रॅम, साखर नको. फक्त ते कॅल्शियम धरून ठेवतं. मुक्त कॅल्शियम इलेक्ट्रोडने मोजून भर घाला, नाहीतर पेशींमधले सांधे सैल होतात, कातडीचा विद्युत रोध कोसळतो आणि दोष उगाच ग्लुकोनेटवर जातो.

मीठभाकर: सल्फेटही धरतं, पण कमी. म्हणून सल्फेटच.

सर्किटवाला: आधी चांगला व्होल्टेज क्लॅम्प (कातडीवरचा व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यावर धरणारं यंत्र) घ्या. उसिंग आणि झेरान या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये दाखवलं तेच खरं: शॉर्ट-सर्किट करंट (व्होल्टेज शून्यावर धरायला द्यावा लागणारा करंट) म्हणजे निव्वळ सोडियम. ताशी १ मायक्रोइक्विव्हॅलंटला २६.८ मायक्रोअँपिअर.

रेणू_७: तिचं बजेट ३० युरो आहे हो!

जुना_अगार: ब्रिजबद्दल (चेंबर आणि इलेक्ट्रोड जोडणाऱ्या, अगारच्या जेलीने भरलेल्या नळ्या) कुणीच बोललं नाही. करंटच्या ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलं तर क्लोराइड चेंबरमध्ये झिरपतं. तिथे सल्फेट रिंगरचाच अगार घाला. द्रावण बदललं की कातडी न लावता शून्य पुन्हा जुळवा, जंक्शन पोटेन्शियल (दोन वेगळी द्रावणं भेटतात तिथला छोटा व्होल्टेज) बदललेलं असतं. आणि आतल्या बाजूचं क्लोराइड काढलं की पेशी पोटॅशियम क्लोराइड गमावून आकसतात, करंट उतरतो. ती घट सल्फेटने सोडियमचा मार्ग अडवल्याची खूण नव्हे.

मीठभाकर: दोन्ही बाजूंना सल्फेटच घाला, मी सांगतोय ना.

कोपनहेगनकर: सर्वांचे आभार. सल्फेट फक्त बाहेरच्या बाजूला घालतेय, आत क्लोराइड तसंच. पेशी आकसायला नकोत.

जुना_अगार: मग क्लोराइड आतून बाहेर उतरेल आणि त्याचा करंट सोडियमच्या करंटमध्ये मिळेल. शेवटी बाहेरच्या बाजूला १०० मायक्रोमोलर अमिलोराइड (सोडियमचा मार्ग अडवणारं औषध) टाका. जेवढा करंट पडेल तेवढाच सोडियमचा धरा.

कोपनहेगनकर: अमिलोराइड फ्रीजमध्ये आहे. तसंच करते.