विषय: 3 नोव्हेंबर, अबू धाबीचा सामना – पीसीआर आणि अल होस्नबद्दल

प्रेषक: सहल समिती
30 ऑक्टोबर 2021

नमस्कार मंडळी,

टी-20 विश्वचषकातल्या बुधवारच्या भारत-अफगाणिस्तान सामन्याची बस भरली. पण फोनवर सगळे एकच विचारताहेत: "अबू धाबीत शिरायला आता टेस्ट लागत नाही ना, मग स्टेडियमला कशी लागते?"

हे दोन वेगळे नियम आहेत. दुबईहून जाताना हद्दीवर जी टेस्ट मागायचे, ती 19 सप्टेंबरपासून बंद झाली. शेख झायेद स्टेडियमची अट मात्र कायम आहे: लशीचे डोस पूर्ण, अल होस्न ॲप (लस आणि कोविड टेस्टची नोंद दाखवणारं इथलं सरकारी ॲप) हिरवं आणि 48 तासांच्या आतली निगेटिव्ह पीसीआर. पाकिस्तानच्या सामन्याला दुबईत लशीचा पुरावा दाखवून काम भागलं होतं. त्या भरवशावर कोणी निघू नका.

नमुना मंगळवारी, 2 तारखेला, ऑफिसला जाण्याआधी द्या. सामना बुधवारी संध्याकाळी 6 ला आहे. तास नमुन्यापासून मोजा की रिपोर्टपासून, मंगळवार सकाळ दोन्हीत बसते. सोमवारी दुपारी दिलात तर वाद होईल. रविवारचा चालणारच नाही. ऑगस्टअखेरपासून सगळीकडे 50 दिरहम दर ठरलाय, त्यामुळे कोणी जास्त मागितले तर दुसरीकडे जा. 12 ते 15 वर्षांच्या मुलांना लशीचा पुरावा लागत नाही, पण पीसीआर लागते. स्टेडियमातल्या गवताच्या उतारावर चौघांनी बसायचे चौकोन आखलेत. पाच जणांच्या कुटुंबाने कोण कुठे बसणार ते घरीच ठरवून या.

प्रेषक: मुसाफाहचे काका
30 ऑक्टोबर

ताई, माझे आणि हिचे दोन्ही डोस मार्चमध्येच झालेत, सायनोफार्म. आज पाहतो तर दोघांचंही ॲप राखाडी. लस घेऊनही आम्ही बाहेरच राहायचं का?

प्रेषक: सहल समिती
30 ऑक्टोबर

काका, सायनोफार्मच्या दुसऱ्या डोसला सहा महिने उलटले की अबू धाबीत बूस्टर घ्यावाच लागतो. 20 सप्टेंबरपासून त्याशिवाय हिरवं होत नाही. उद्याच दोघं जाऊन घेऊन या, आणि मंगळवारच्या पीसीआरनंतर ॲप उघडून बघा. बाकीच्यांसाठीही सांगते: लस पूर्ण असली तरी शेवटच्या टेस्टला 30 दिवस झाले की ॲप राखाडी होतं. ते बघून घाबरू नका. रिपोर्ट आला की रंग बदलतो. तरीही नाही बदलला तर मंगळवारी रात्रीच मला फोन करा, बुधवारी गेटवरून नको.

प्रेषक: करामा, दुबई
31 ऑक्टोबर

माझे वडील नाशिकहून आलेत. त्यांनी कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतलेत, कोविनचं सर्टिफिकेट आहे. पण ॲपमध्ये नोंद होत नाहीये. मान्य लशींच्या यादीत ती नाही असं उत्तर मिळालं. आईची कोविशील्ड आहे, तिची नोंद लगेच झाली. एकाच केंद्रावर, एकाच रांगेत उभं राहून दोघांनी लस घेतली. त्या दिवशी तिथे जी आली होती ती टोचली, निवड यांच्या हातात नव्हती. बाबांना हे समजावणं फार जड जातंय.

आमच्या ओळखीचा एक टायपिंग सेंटरवाला (सरकारी अर्ज, कागद भरून देणारा) म्हणतो की रिपोर्ट, सर्टिफिकेट, काय हवं त्यात बदल करून देतो. मी नाही म्हटलं, पण बसमधल्या दोघांनी जुन्या रिपोर्टवर तारीख बदलून घ्यायचं ठरवलंय असं कानावर आलं. समितीने यावर बोलावं.

प्रेषक: सहल समिती
31 ऑक्टोबर

बोलतेच. ज्यांनी हे ठरवलंय त्यांनी आपलं नाव यादीतून काढावं. पैसे परत मिळतील. खोटा रिपोर्ट हा इथे गुन्हा आहे, आणि तो पकडला गेला तर बसमधल्या प्रत्येकाचा रिपोर्ट संशयाखाली येईल. पण भीती दाखवून थांबवावं असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षीची आयपीएल आठवा. अख्खी स्पर्धा इथे झाली आणि स्टेडियमात एकही प्रेक्षक नव्हता. सामने आपल्या दारात आणि आपण घरात टीव्हीसमोर. यंदा दारं उघडली ती या अटींमुळे. आपल्या बसमध्ये दोन आजोबा आहेत, एक ताई नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या आहेत. शेजारच्या सीटवरच्या माणसाचा रिपोर्ट खरा आहे, या विश्वासावर ते येताहेत. तो विश्वास 50 दिरहम वाचवायला मोडायचा?

शुक्रवारी दुबईत अफगाणिस्तान-पाकिस्तान सामन्याला विनातिकीट गर्दीने गेटवर काय गोंधळ घातला ते सगळ्यांनी वाचलंय. तिकीट हातात असलेली माणसं बाहेर राहिली. म्हणून म्हणते, बस 2 वाजता म्हणजे 2 वाजता सुटेल.

करामाच्या दादा, तुमच्या बाबांच्या बाबतीत नियम चुकीच्या जागी बोचतोय, हे मलाही मान्य आहे. त्यांनी जे करायचं ते सगळं केलंय. पण यावर आत्ता माझ्याकडे उपाय नाही. त्यांच्या तिकिटाचे पैसे मंडळ देईल, आणि इथे राहणारं एखादं कुटुंब सामना बघायला त्यांना घरी बोलावेल का, ते कळवा.

प्रेषक: मुसाफाहचे काका
31 ऑक्टोबर

बोलावेल का काय, आमच्याकडेच आणा. बूस्टर घेऊन आलो, हात दुखतोय. डॉक्टर म्हणाले गर्दीत दमणूक नको, तेव्हा आम्ही दोघंही घरीच बघू. चकल्या तयार आहेत. आमची दोन तिकिटं प्रतीक्षा यादीतल्यांना द्या.

प्रेषक: करामा, दुबई
5 नोव्हेंबर

दिवाळीच्या शुभेच्छा. न्यूझीलंडकडून हरल्यावर मन धास्तावलं होतं, पण रोहित 74, राहुल 69, पहिल्याच जोडीचे 140. भारत 2 बाद 210! अश्विन परत आला आणि 14 धावांत 2 बळी. गेटवर ॲप, रिपोर्ट, ओळखपत्र, तिकीट अशी तपासणी झाली आणि बसमधल्या एकालाही परत पाठवलं नाही. रात्री उशिरा घरी पोचलो तरी पहाटेचं अभ्यंगस्नान चुकलं नाही.

बाबांनी काकांकडे बसून सामना पाहिला. आणि त्याच दिवशी, 3 तारखेला, जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली! बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. इथल्या यादीत ती कधी चढते ते बघायचं. तोवर कोविनवर जाऊन सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख घालून घेतोय, आधी नुसतं वय होतं. घरी कोव्हॅक्सिनवाले पाहुणे असतील त्यांनीही एवढं आत्ताच करून ठेवा. 14 तारखेची फायनल दुबईतच आहे.