प्रतिसाद: सॅच्युरेशन आणि सीओपीडी

'सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) उतरलं की ऑक्सिजन वाढवायचा, नव्या मुलांना आधी हेच शिकवा' हे वरचं म्हणणं न्यूमोनियाला ठीक, पण सीओपीडीला (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) अपुरं आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असेल तर ८८ ते ९२ टक्के पुरे; ९८ साठी धडपडायचं नाही.

मी शिकत असताना रात्रपाळीला एक आजी होत्या, आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं. लेकाने काळजीपोटी फ्लोमीटरवर ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला. आकडा ९९ आणि आजी गुंगीत! एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केल्यावर कारण कळलं: कार्बन डायऑक्साइड साठला होता. ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क, मग बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र), तेव्हा कुठे पहाटे बोलल्या. म्हणून मी मुलांना आधी पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला आणि पेशंटशी बोलायला लावते. बोटावरच्या यंत्राला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही.