इंदूर: वडील ७४, आई ६८. सरकारी आणि स्थानिक मदत नेमकी कुठून मिळवायची?

गोदाकाठी
मदत हवी आहे. आई-बाबा नाशिकहून इंदूरला रामबागेतल्या वडिलोपार्जित घरी कायमचे राहायला आले आहेत, मी पुण्यात. बाबांना कमी ऐकू येतं. आईचा विसराळूपणा वाढलाय. दोघांच्या आधारवर पत्ता नाशिकचाच, विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर. बाबांचं ७० वर्षांवरचं आयुष्मान कार्ड इथे निघेल का? जिथे जावं तिथे समग्र मागतात, ते काय आहे? श्रवणयंत्र कुठून मिळेल? आणि मी लांब असताना फोन कुणाला करायचा?

माळवी माणूस
आयुष्मान वय वंदना कार्डासाठी पत्ता बदलायची वाट पाहू नका. वय आधारवरून ठरतं, उत्पन्नाची अट नाही आणि योजनेतल्या रुग्णालयांत कार्ड देशभर चालतं. आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या निघतं. या वयात बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, तेव्हा ओटीपी किंवा चेहरा हा पर्याय घ्या. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा. तो बंद पडला असेल तर पहिली फेरी आधार केंद्राची.

वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण भरती झाल्यावरच. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. भरती होतानाच रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) खिडकीवर कार्ड दाखवा. आधी पैसे भरून नंतर परत मागू म्हटलं तर मिळत नाहीत. आईंना हे कार्ड सत्तरी पूर्ण झाल्यावर. तोवर बाबांच्या ५ लाखांत त्या बसत नाहीत, हे बऱ्याच घरांत ऐनवेळी कळतं. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असेल तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

झोन क्रमांक विसरलो
समग्र म्हणजे मध्य प्रदेशची कुटुंब नोंदणी. कुटुंबाचा आयडी ८ अंकी, प्रत्येक सदस्याचा ९ अंकी. फॉर्मवर कुठला मागितलाय ते नीट बघा, अर्ज परत येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. पोर्टलवर नवीन कुटुंब नोंदवायचं, मग मंजुरी महापालिकेच्या झोन ऑफिसातून.

आपल्या मराठी घरांत आणखी एक भानगड होते. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही. इथला ऑपरेटर टाकतो नाव आणि आडनाव. मग ई-केवायसीत नाव जुळत नाही आणि विनंती पुन्हा झोनकडे जाते. आधारवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर भरायला सांगा, त्याच्याशेजारी बसून.

समग्रसाठी पत्त्याचं आधी करा. आजोबांच्या नावाचं बिल चालणार नाही. आधारच्या ठरलेल्या नमुन्यात पार्षदाचा (नगरसेवकाचा) दाखला घ्या. फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. दाखला ३ महिनेच चालतो, त्यामुळे आधार केंद्राची वेळ आधी घ्या. बाबांचा पत्ता बदलला की आईंचा पत्ता कुटुंबप्रमुख म्हणून बाबांच्या आधार कार्डावरून ऑनलाइन बदलतो; बाबांनी पोर्टलवर ३० दिवसांत संमती दिली नाही तर विनंती बंद होते आणि शुल्कही जातं.

तिलकनगरी
श्रवणयंत्राला दोन वाटा. राष्ट्रीय वयोश्री योजना: वय ६० च्या पुढे, बीपीएल किंवा मासिक उत्पन्न १५,००० पर्यंत. यात तपासणीचं शिबिर वेगळं आणि वाटपाचं वेगळं. पहिल्यात नोंद नसेल तर दुसऱ्यात हाती काही लागत नाही. तारखा सामाजिक न्याय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. बाबांचं पेन्शन त्याहून जास्त असेल तर एडिप (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना): मासिक उत्पन्न ३०,००० पर्यंत, पण ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. त्यासाठी आधी एम.वाय. या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. ऐकण्यातली घट दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या खाली असेल तर त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही, सरळ विकत घ्या.

माळवी माणूस
फोनचं. १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, पेन्शनच्या अडचणी, घरात त्रास होत असेल तर मध्यस्थी. तातडीच्या वेळी ती कामाची नाही. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. तुम्ही पुण्याहून लावाल, तर सुरुवातीलाच सांगा की व्यक्ती इंदूरमध्ये आहे. १८१ लाही हेच: मध्य प्रदेशात ती सरकारी कामांच्या तक्रारींची सीएम हेल्पलाइन, महाराष्ट्रात महिलांची. म्हणून तक्रार बाबांच्या मोबाईलवरून करा.

गोदाकाठी
खूप आभार. आई डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. विसरतेस म्हटलं की चिडते.

तिलकनगरी
मग विसरण्याचा विषयच काढू नका. दोघांची वार्षिक तपासणी म्हणून न्या आणि आईंच्या रक्ततपासणीत बी-१२ आणि थायरॉइड लिहून घ्यायला सांगा. या दोन्हींच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि उपचाराने फरक पडू शकतो. डॉक्टरांना चिठ्ठी आधी द्या: काय विसरतात, केव्हापासून, गॅस चालू राहतो का, पैशांचा हिशेब जमतो का, रस्ता चुकतो का. आईंसमोर बोलायला नको. कसं बोलावं हे विचारायला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आहे. भाषा निवडता येते.

रामबागचा शेजार
बाबांना घरात कोंडून ठेवू नका. महाराष्ट्र साहित्य सभेत चौकशी करा, सानंद या मराठी नाट्यसंस्थेचं सभासद करून द्या. आपली माणसं भेटली की निम्मी माहिती चहावरच मिळते.

झोन क्रमांक विसरलो
राहिलंच एक. १८१ वर तक्रार केली की काही दिवसांनी समाधान झालं का म्हणून फोन येतो. काम हातात येईपर्यंत हो म्हणायचं नाही, नाहीतर तक्रार तिथेच बंद होते. नाही म्हटलं की वरच्या पातळीवर जाते, एल-१ पासून एल-४ पर्यंत. बाबांना हे आधी समजावून ठेवा. जुनी माणसं भिडेखातर हो म्हणतात. तरीही अडलं तर मंगळवारी मोती तबेल्यात कलेक्टर कार्यालयाची जनसुनवाई. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.