गल्लीतलं पिल्लू घरी आणायचंय, वर्षाचा खर्च किती धरू?

सुदामानगरची_आई: नमस्कार मंडळी, आमच्या इंदूरच्या घरासमोर कुत्रीला पिल्लं झालीत, त्यातलं एक लेकीच्या मागेमागे पार जिन्यापर्यंत येतं, दोनेक महिन्यांचं असेल, लेकीचा हट्ट आहेच पण खरं सांगू का माझाही जीव अडकलाय. हे म्हणतात आधी वर्षाचा हिशोब मांड मग बोलू. पगार एकच. खाणं तर घरचंच देऊ, बाकी काय लागतं?

लॅबवाला_दादा: ताई, घरचं म्हणजे फुकट नाही हो. नुसत्या दूध-पोळीवर भागत नाही, अंडी, चिकन, दही धरा. आमचा लॅब्रेडॉर ३० किलोचा, रोज साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला साडेदहा किलो! आणि कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात देऊ नका.
पहिलं वर्ष वेगळं मांडा. पार्वो-डिस्टेंपर, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणारे दोन आजार, त्यांची लस आत्ताच सुरू करायची, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, वर भरपूर वेळा जंताचं औषध आणि पुढे नसबंदी. दुसऱ्या वर्षापासून बूस्टर आणि दर तीन महिन्यांनी जंताचं, एवढंच.

मोतीची_मावशी: एवढंच नाही दादा, गोचिडी राहिल्या. मागच्या पावसाळ्यात मोतीच्या पंजाच्या बेचक्यात तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड सापडली, मी काढून टाकली आणि विसरले, पुढे काही दिवसांनी त्याने खाणंच सोडलं, हिरड्या पांढऱ्याफटक, रक्त तपासलं तर टिक फीवर, प्लेटलेट्स खाली. सलाईन, परत परत रक्ताच्या तपासण्या, २८ दिवस गोळ्या, सगळं मिळून नऊ हजारांच्या वर गेलं आणि दिवाळीसाठी ठेवलेले पैसे मोडले. खाण्याचा हिशोब होता, लशीचा होता, याचा नव्हता. आता दर महिन्याला ५०० रुपये डाळीच्या रिकाम्या डब्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. गोचिडीचं औषध बारा महिने चालू, इथे थंडीतही सापडतात.
अजून एक, हे औषध काय नि जंताचं काय, वजनावर असतं. आजच्या चार किलोच्या पिल्लावर हिशोब करू नका ताई, १८-२० किलोचा कुत्रा धरून करा.

महूकर: महूच्या व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात दाखवत जा, आम्हाला तिथे बरंच स्वस्त पडतं, फक्त सकाळी लवकर निघा. आणि मे महिन्यात पुण्याला जात असाल तर त्याला कुठे ठेवणार, ते आत्ताच ठरवा. बोर्डिंग रोजाच्या हिशोबाने असतं, पंधरा दिवसांचे बरेच होतात.

सुदामानगरची_आई: मावशी, तुमचं वाचून यांनीच कागद घेतला, २० किलो धरून सगळं परत मांडलं आणि डब्याचे ५०० सगळ्यात वर लिहिले. मे महिन्यासाठी खालच्या काकू दोन वेळचं घालते म्हणाल्या पण फिरवायला जमणार नाही, गुडघे दुखतात, तेव्हा तेवढ्यापुरता कोणी मुलगा बघावा लागेल. सुदामानगर-अन्नपूर्णा भागात कोणी विश्वासाचं असेल तर सांगा. पहिली लस सोमवारी.