मदत हवी आहे: लाईटचा भरवसा नाही, तर लॅपटॉप-टॅब ८० टक्क्यांवर थांबवू की १०० भरून ठेवू?

वेंगुर्ल्याची सून

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्यापासून आत, एका वाडीत राहतो. माझं काम घरून, लॅपटॉपवर. लोकांचे हिशेब, जीएसटीची रिटर्न्स. लॅपटॉप दिवसभर टेबलावर आणि चार्जर कायम लावलेला. शिवाय एक टॅब आहे. त्यावर सकाळी अण्णा (सासरे) पेपर वाचतात आणि संध्याकाळी लेकाचा अभ्यास, म्हणजे कार्टून.

यूट्यूबवर जो तो सांगतो, २० च्या खाली जाऊ देऊ नका, ८० च्या वर नेऊ नका. सांगणाऱ्यांच्या घरी लाईट जात नसावी. आमच्याकडे मिरग लागला की माडाची झावळी तारेवर पडते आणि मग लाईट कधी येईल ते रवळनाथालाच ठाऊक. २० तारखेला रिटर्न भरायचंय आणि मी ८० वर थांबवलेली बॅटरी घेऊन बसलेय, असं कसं चालेल?

अण्णांचं म्हणणं वेगळंच. सेल पूर्ण उतरवायचा आणि मगच पूर्ण भरायचा, नाहीतर त्याला सवय लागते. ते टॅब बंद पडेपर्यंत वापरतात आणि रात्री उशाशी गोधडीत चार्जिंगला लावतात, कारण प्लग तिथेच आहे.

लॅपटॉप तीनेक वर्षं जुना, विंडोज. बॅटरी आधी अडीच-तीन तास जायची, आता तासभरही नाही. टचपॅडही हल्ली नीट दाबला जात नाही, पण ते दमट हवेने असेल. नक्की कसं वागावं?

सड्यावरचा

अण्णांपासून सुरू करतो. ते सांगतात ते जुन्या निकेल-कॅडमियम सेलांना लागू होतं, त्यांना खरंच तशी सवय लागायची. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, तिचं गणित उलटं. तिला शून्यावर नेलं की त्रास होतो. मधेमधे थोडी थोडी भरलेली तिला आवडते. ५० टक्के दोनदा भरलं तर सायकल (म्हणजे एक पूर्ण भरणं-उतरणं) एकच मोजली जाते, त्यामुळे "सारखं लावलं की बॅटरी जाते" हेही खरं नाही.

आता तुमचा मुद्दा. साधारण लिथियम सेल १०० टक्क्यांवर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. त्या व्होल्टेजला आतली रसायनं भराभर जुनी होतात आणि जोडीला उकाडा असला तर आणखी लवकर. पण एका रात्रीत काही बिघडत नाही, महिनोन्‌महिने १०० वर पडून राहिली तर झीज होते. म्हणून ८० चा नियम हा रोजचा रिवाज आहे, सोवळं नव्हे की मोडलं तर पाप. आभाळ भरून आलं, वारा सुटला, की बिनधास्त १०० करा. लाईट गेली की ती वापरलीच जाणार. एरवी, ऑक्टोबर ते मे, लॅपटॉप टेबलावरच असतो तेव्हा मर्यादा लावून टाका. लेनोवो, आसुस, डेल, बहुतेकांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) ती सोय असते. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्येही आहे.

आणि टक्क्यांपेक्षा उष्णता जास्त मारते, हे कुणी फारसं सांगत नाही. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांच्या आत वापरा म्हणतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या माडीवर तेवढं दुपारी सहज होतं. वर चार्जिंगची स्वतःची ऊब. टॅब गोधडीतून आजच बाहेर काढा, लाकडी फळीवर किंवा लादीवर ठेवा.

एक काम करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (टाइप करून हुकूम द्यायची ती काळी खिडकी) पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची ताकद) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर उरलेली) असे दोन आकडे असतात. ते इथे सांगा.

खाडीपल्याड

ताई, बाकी सगळं नंतर. टचपॅड दाबला जात नाही, हे दमट हवेचं वाटत नाही. बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरी बरोबर त्याच्या खाली असते. मशीन बंद करा, चार्जर काढा, सपाट लादीवर ठेवा आणि डुगडुगतं का बघा.

जुना वायरमन

बाये, ह्या सगळा ठीक, पण गडगडाक लागला की पीन काढून ठेय. नुसतो स्विच बंद करून भागत नाय. आणि अर्थिंग बघून घे. जांभ्यात उन्हाळ्यात खड्डो सुकता, पाणी घालूचा लागता. स्पाइकबस्टरक अर्थिंग नसला तर तो नावाकच.

वेंगुर्ल्याची सून

@सड्यावरचा, डिझाइन ४५,००० आणि फुल २७,८०० दाखवतंय.

@खाडीपल्याड, डुगडुगतंय हो! टचपॅडची पुढची कड एटीएम कार्डाच्या जाडीएवढी वर आलीय आणि खालच्या झाकणाला मधोमध पोट आलंय. दाबून बसवू का?

खाडीपल्याड

अजिबात दाबू नका!! बॅटरी फुगलीय, आत वायू धरलाय. टोचली किंवा दुमडली तर पेट घेऊ शकते. चार्जर लावू नका, चालूही करू नका. पडद्यांपासून, गॅसपासून लांब, पडवीत कोरड्या लादीवर ठेवा, पोराचा हात पोचणार नाही असं. दुरुस्तीवाल्याकडे स्वतः घेऊन जा, कुरिअर नको. काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ठोकून बघेल. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे. सर्व्हिस सेंटरला विचारा.

सड्यावरचा

६२ टक्केच उरलीय म्हणजे. कायम १०० वर लावून ठेवलेल्या मशीनला तीन वर्षांत असं होतं. नवी घातलीत की पहिल्या दिवसापासून मर्यादा लावा.

चाकरमानी

जरा विषयांतर. गावचं घर बंद असतं, टॅब कपाटात राहतो. गणपतीला येऊन बघतो तर चालूच होत नाही.

सड्यावरचा

पूर्ण भरून ठेवता की उतरलेला? दोन्ही नको. पन्नासच्या आसपास ठेवून पूर्ण बंद करा, झोपवून नव्हे. शून्यावर ठेवलेला सेल आपोआप आणखी उतरतो आणि एका हद्दीखाली गेला की संरक्षक सर्किट त्याला भरूच देत नाही. आता चार्जरला लावून अर्धा-पाऊण तास बटण न दाबता बघा. खारी हवा असेल तर चार्जिंगच्या खाचेत हिरवट काही साठलंय का तेही बघा. सुक्या मऊ ब्रशने निघालं तर ठीक, टाचणी घालू नका.

वेंगुर्ल्याची सून

सावंतवाडीला दाखवून आले. बॅटरी फुगलेलीच होती, काढून त्यांनीच ठेवून घेतली. नवी यायला वेळ आहे, तोवर बिनबॅटरीचा चार्जरवर चालतोय. पण लाईट गेली की धप्पकन बंद. छोटा इन्व्हर्टर घेऊ का? स्क्वेअर वेव्ह (झटक्याझटक्याने वीज देणारा) आणि साइन वेव्ह (घरच्या लाईटसारखी सलग देणारा) यांच्या किमतीत बराच फरक दिसतोय.

जुना वायरमन

साइन वेव्हच घे. लॅपटॉपाचो चार्जर स्क्वेअरारही चालता, पण तापता आणि आवाज करता. पंखो तर घूं घूं करीत रवतलो. आणि राउटर त्याच लायनीर घाल, नायतर लॅपटॉप चालू आणि नेट बंद.