‘प्लुरॅलिटी’ला ‘बहुमत’ म्हणावे का?

अक्षरवेध :
अमेरिकी निवडणुकांविषयीचे एक मराठी भाषांतर तपासताना ‘प्लुरॅलिटी’साठी, म्हणजे इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा जास्त मते मिळण्यासाठी, ‘बहुमत’ हा शब्द योजलेला दिसला आणि त्यामुळे १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीची हकिकतच दुर्बोध झाली होती. त्या वेळी २६१ निर्वाचक मतांपैकी (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची मते) अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४ आणि उरलेली क्रॉफर्ड व क्ले यांना मिळाली. जॅक्सन सर्वांच्या पुढे होते, म्हणजे प्लुरॅलिटी त्यांची होती. परंतु मेजॉरिटी, म्हणजे निम्म्याहून अधिक, किमान १३१ मते, कोणाकडेच नव्हती. त्यामुळे निवड अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तेथे प्रत्येक राज्याला एक मत या पद्धतीने २४ पैकी १३ राज्यांनी ॲडम्स यांना कौल दिला. ‘बहुमत मिळूनही जॅक्सन हरले’ असे वाचणाऱ्याला नियम कसा उमगणार? ‘बहुमत’ हा शब्द निम्म्याहून अधिक मतांसाठीच राखून ठेवावा आणि ‘प्लुरॅलिटी’ला ‘सर्वाधिक मते’ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

नदीकाठ :
मी सहमत नाही. आपला आग्रह अमेरिकी वापरावर बेतलेला आहे. ब्रिटनमध्ये एखाद्या उमेदवाराची ‘मेजॉरिटी’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा त्याला जास्त मिळालेली मते. मूळ शब्दच इतका लवचीक असताना मराठीवर एवढे कडक बंधन कशासाठी? शिवाय आपल्या मतदारसंघांतही निम्मी मते लागत नाहीत, तरी ‘जनतेने बहुमताने निवडून दिले’ असे आपण सहज म्हणतो.

अक्षरवेध :
ब्रिटिश वापराचा आपला दाखला मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. त्या अर्थासाठी मराठीत ‘मताधिक्य’ हा नेमका शब्द निकालाच्या प्रत्येक बातमीत रुळलेला आहे. म्हणजे इंग्रजीत जिथे संदिग्धता आहे, तिथे आपली भाषा आधीच स्पष्ट आहे. ‘बहुमताने निवडून दिले’ या सवयीबद्दल म्हणाल, तर २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या, मते मात्र सुमारे ३१ टक्के होती. जागांचे बहुमत होते, मतांचे नव्हते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर हा फरक मराठीत मांडायचा कसा?

कायदेवाचक :
फरक राखायला हवा, हे मान्य. पण ‘सर्वाधिक मते’ हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. ‘सापेक्ष बहुमत’ का नको? आपल्या राज्यघटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदातही घटनादुरुस्तीसाठी एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी आहेत. बहुमताला विशेषण जोडण्याची आपल्याला सवय आहे.

अक्षरवेध :
पण त्या दोन्ही अटी निम्म्याहून अधिक सदस्यांच्याच आहेत. तिथले विशेषण निम्म्याच्या खाली उतरत नाही. पाठ्यपुस्तकात ‘सापेक्ष बहुमत’ चालेल. बातमीत किंवा इतिहासाच्या पुस्तकात मात्र विशेषण गळून पडते आणि ‘बहुमत’ तेवढे उरते. म्हणून हाती असलेल्या भाषांतरात मी ते वाक्य असे बदलले आहे : ‘जॅक्सन यांना सर्वाधिक मते मिळाली, परंतु बहुमत मिळाले नाही.’